ब्रेकची हवा घरी काढायची तर कोणत्या पद्धतीनं?



टोमॅटोचा पहिला तोडा अजून पंधरा-वीस दिवसांवर आहे. तार-बांबू झाला, फवारणीचं वेळापत्रक लागलं. आता गाडीकडं बघायचे दिवस. एकदा तोडा सुरू झाला की दिवसाआड गाडी भरते, आणि मग गॅरेजला द्यायला ना वेळ असतो ना गॅरेजवाल्याला सवड. म्हणून दरवर्षी याच सुमारास मी पिकअपचं ब्रेक ऑइल बदलतो आणि लाइनमधली हवा काढतो. हे काम घरी करायच्या चार-पाच पद्धती आहेत. मी त्या वेगवेगळ्या वर्षी करून पाहिल्या. कोणती कुठं चालते आणि कुठं धोका देते ते आज लिहितो.

आधी कारण. आमच्या ओतूर पट्ट्यातून कल्याणच्या बाजाराला जायचं म्हणजे मालशेज घाट उतरायचा. साठ-सत्तर क्रेट भरले की गाडीवर सव्वा-दीड टनाच्या आसपास वजन असतं. जून-जुलैत वर धुकं, खाली ओला रस्ता, आणि वेळ पहाटेच्या आधीची. गेल्या हंगामापासून ही खेप मुलगा मारतो. मी घरी असतो. त्यामुळं ब्रेक हा आमच्या घरात गाडीचा विषय राहिलेला नाही, झोपेचा विषय झालाय.

विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या माणसाला हवा धरणं म्हणजे काय हे सांगायला नको. डिझेल संपलं की पाइपात हवा शिरते, मग नट ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत हातानं पंप मारायचा. ब्रेकचंही तसंच. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पॅडलवरचा जोर सरळ चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दाबली जाते. लाइनमध्ये हवा असली की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच जातो, आणि पॅडल स्पंजासारखं लागतं.

हवेखेरीज दुसरा शत्रू म्हणजे पाणी. आपण नेहमी वापरतो ते डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. युरियाची गोणी उघडी ठेवली की जे होतं तेच. डॉट ३ चं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ चं २३० पर्यंत. पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच हमी डॉट ३ ला १४० आणि डॉट ४ ला १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबून ड्रम आणि डिस्क तापतात, ती उष्णता चाकाजवळच्या ऑइलला लागते, त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफ हवेसारखीच दाबली जाते, आणि पॅडल तळाला जातं. खाली येऊन गाडी थंड झाली की पॅडल पुन्हा ठीक. मेकॅनिकला दाखवलं तर तो म्हणतो, "काही नाही ओ, ब्रेक चांगलाय." म्हणून नुसती हवा काढून भागत नाही, जुनं ऑइल बाहेर काढून नवं भरायचं. हवा त्याच कामात निघते. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात यासाठी दोन वर्षांची मुदत दिलेली असते. पावसात भरल्या गाडीनं घाट उतरणाऱ्यानं वर्षाला करावं असं माझं मत आहे. खर्च एका फवारणीपेक्षा कमी येतो.

पाना हातात घ्यायच्या आधी दोष हवेचाच आहे का ते पायानं ओळखा. पॅडल मऊ आहे आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन घट्ट होतंय, पण तरी थोडं लवचिक लागतंय, तर हवा. पहिल्या दाबाला खूप खाली जातंय आणि दुसऱ्या दाबाला वर येऊन दगडासारखं टणक होतंय, तर बहुतेक मागच्या ड्रममधले लायनर झिजून अंतर वाढलंय. तिथं ॲडजस्टमेंट लागते, हवा काढून उपयोग नाही. पाय दाबून धरला आणि पॅडल हळूहळू आपोआप खाली बसत चाललं, तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय किंवा कुठंतरी गळती आहे. पॅडल टणक आहे पण गाडीच थांबत नाही, तर बूस्टर, व्हॅक्यूमचा पाइप किंवा लायनर बघा. या शेवटच्या दोन्हीत घरी खटपट करू नका, गाडी गॅरेजला द्या.

आता सगळ्या पद्धतींना लागू असलेली तयारी.

ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच घ्यायचं. सीलबंद छोटी बाटली घ्या. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली स्वस्त वाटते, पण तिनं वर्षभर ओलावा ओढलेला असतो. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, नाव सारखं वाटलं तरी ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल यांचा थेंबही नको, कारण खनिज तेलानं ब्रेकची रबरं फुगतात. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले आणि दांडीवर चालणारे आहेत, त्यांना हे हवा काढण्याचं काम नसतंच, तिथं पॅडलचं मोकळं अंतर बघायचं. काही नव्या ट्रॅक्टरना हायड्रॉलिक ब्रेक आहेत आणि त्यात कधी खनिज तेल असतं. तिथं पुस्तक वाचल्याशिवाय काही ओतू नका.

निपलवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. उघडायला रिंग पानाच वापरा, फिक्स पान्यानं कड गोल होते आणि निपल तुटलं तर एका तासाचं काम दोन दिवसांवर जातं. डबीतलं काळं झालेलं ऑइल आधी नव्या सिरिंजनं ओढून घ्या आणि नवं भरा, म्हणजे घाण लाइनमध्ये जाणार नाही. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा मारा, बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकानं. आपल्या गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून साधारण क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा लागतो. गाडीच्या पुस्तकात वेगळा दिला असेल तर पुस्तकाचं ऐका.

पिकअपवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ ओझं बघून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा वॉल्व्ह असतो. मागचा भाग जॅकवर उचलून चाकं लोंबती ठेवली की त्या वॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, तो ऑइल अडवतो आणि आपण म्हणतो मागून ऑइल येईना. मागची चाकं जमिनीवर ठेवूनच काम करा. पिकअप उंच असते, खाली सरकून निपलला पाना लागतो. चाकांना पुढं-मागं दगड मात्र लावायचेच. कुठलंही चाक उचलायचं झालं तर नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, स्टँड हवा.

पहिली पद्धत, आपोआप गळू द्यायची. निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक खाली बाटलीत, डबीचं झाकण सैल, निपल उघडं. ऑइल वजनानं उतरतं आणि हवा घेऊन येतं. एकट्या माणसाला जमतं, पॅडल मारावं लागत नाही, त्यामुळं जुन्या मास्टर सिलिंडरला त्रास नाही. पण फार सावकाश. पुढच्या चाकांना बरं उतरतं, मागं थेंब थेंब. पाइपाच्या उंच वळणात चिकटून बसलेली हवा नुसत्या वजनानं निघतेच असं नाही. आणि सावकाश आहे म्हणून माणूस मोटार चालू करायला जातो, तेवढ्यात वरची डबी रिकामी होते. डबी रिकामी झाली की वरून नवी हवा आत, सगळं काम पहिल्यापासून. ठिबकची टाकी रिकामी झाल्यावर सगळ्या लॅटरलमध्ये हवा भरते, तसंच.

दुसरी, बाटली आणि नळीची. बाटलीत थोडं नवं ऑइल घालून नळीचं टोक त्यात बुडवायचं, नळीला निपलच्या वर एक वळसा द्यायचा, निपल थोडं उघडं ठेवून आपणच केबिनमध्ये जाऊन पॅडल सावकाश मारायचं. पॅडल सोडल्यावर नळीतून हवेऐवजी ऑइल मागं ओढलं जातं, ही त्यातली युक्ती. एकट्यानं करायला बरी. पण पॅडल सोडताना निपलच्या आट्यांतून थोडी हवा आत जाऊ शकते. शिवाय पॅडलवर बसलेल्याला खालचे बुडबुडे दिसत नाहीत. रोजच्या गावातल्या गाडीला चालेल. घाटाच्या गाडीला मी ही शेवटची पद्धत म्हणून ठेवत नाही.

तिसरी, ओढून काढायची. हातानं चालणारा व्हॅक्यूम पंप मिळतो, तो निपलला लावून ऑइल खेचायचं. काम झटपट होतं, जुनं ऑइल बदलायला छान. दोष असा की निपलच्या आट्यांतून बाहेरची हवाही तो खेचतो, मग नळीत बुडबुडे संपतच नाहीत आणि लाइन साफ झाली की नाही कळत नाही. ड्रमच्या सिलिंडरमधली रबरं आतला दाब बाहेर जाऊ नये म्हणून केलेली असतात. उलट खेचलं की त्यांच्या कडेनंही हवा येऊ शकते. म्हणून पंपानं ऑइल बदलावं आणि शेवटचा हात पॅडलनं द्यावा.

चौथी, खालून वर ढकलायची. मोटरसायकलच्या पुढच्या डिस्कला ही मला सगळ्यात आवडली. नव्या सिरिंजमध्ये ऑइल भरून, आधी सिरिंज आणि नळीतली हवा काढून, कॅलिपरच्या निपलमधून हळू वर ढकलायचं. हवेला वरच जायचं असतं, आपण तिच्या वाटेनंच तिला पाठवतो. वरच्या डबीतलं जुनं ऑइल आधी काढून घ्या, नाहीतर ते ओसंडून पेट्रोलच्या टाकीवर सांडतं आणि रंग उचलतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. गुरांच्या औषधाची वापरलेली सिरिंज नको. आणि एबीएस असलेल्या गाडीला खालून घाण वर ढकलू नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर लावूनच ती निघते, ते घरचं काम नाही.

पाचवी, वरून दाब देण्याची. गॅरेजमध्ये यासाठी मशीन असतं. आपल्याकडं काहीजण फवारणीच्या पाठपंपाची नळी डबीच्या झाकणाला बसवून हे करतात. शेतकऱ्याच्या डोक्यातून निघालेली युक्ती आहे, पण मी करत नाही आणि तुम्हीही करू नका असं सांगेन. डबीला साधारण एक किलो दाब पुरतो. पाठपंप त्याच्या दुपटी-तिपटीनं सहज देतो. झाकण उडालं की ऑइल तोंडावर. त्याहून मोठी गोष्ट पंपात काय होतं ही आहे. ईसी प्रकारच्या कीटकनाशकात पेट्रोलियमचे द्रावक असतात. पंप तीनदा धुतला तरी होजात आणि वॉशरमध्ये त्याचा अंश राहतो. हेच द्रावक ब्रेकची रबरं फुगवतात. आज ब्रेक टणक लागेल आणि महिन्याभरानं मास्टर सिलिंडर अडकेल. वर धुतलेल्या पंपात पाणी राहतंच, आणि पाणी काढायलाच तर आपण बसलोय.

सहावी, दोन माणसांची. सगळ्यात जुनी आणि खर्च एका नळीचा. एकानं केबिनमध्ये, एकानं चाकाशी. वरच्यानं तीन-चार वेळा सावकाश दाबायचं आणि दाबून धरायचं. खालच्यानं निपल पाव-अर्धा आटा उघडायचं. ऑइल आणि बुडबुडे नळीत येतात, पॅडल खाली बसतं. खालच्यानं निपल बंद केल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा. बुडबुडे संपून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. दर पाच-सहा खेपांनी डबी बघायची.

यात सगळा खेळ शब्दांचा आहे. "सोड" म्हटलं तर पाय सोडायचा की निपल, हा घोळ होतो आणि पाय आधी उचलला गेला तर हवा आत. आमच्याकडं शब्द ठरलेले आहेत. मी म्हणतो "धर", कारभारीण म्हणते "धरला". मी उघडतो, ती म्हणते "बसला". मी बंद करून म्हणतो "उचल". दुसरा शब्द बोलायचा नाही, शेजारी येऊन काही विचारत असला तरी नाही. तिनं बरीच वर्षं हे काम केलं, आणि पॅडलबद्दल तिला माझ्याआधी कळायचं. "अजून मऊ लागतंय, मागचं परत घ्या" असं ती वरून सांगायची आणि मागच्या निपलला खरंच बुडबुडे यायचे.

जुन्या गाडीत अजून एक काळजी. रोजच्या वापरात पॅडल तळापर्यंत जात नाही, त्यामुळं मास्टर सिलिंडरच्या आत पुढच्या भागाला गंज आणि मळ धरतो. हवा काढताना पॅडल तळापर्यंत आपटलं की रबर त्या खरबरीत भागावर घासतं आणि फाटू शकतं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पॅडल नेहमीपेक्षा फार खाली जाणार नाही.

सगळ्यांची बेरीज केली तर अशी. मोटरसायकलच्या डिस्कला सिरिंज. एकटे असाल आणि घाई नसेल तर आपोआप गळती, डबीपासून न हलता. ऑइल भराभर बदलायचं तर व्हॅक्यूम. ओझ्याच्या गाडीला कुठल्याही पद्धतीनं सुरुवात करा, पण शेवट दोन माणसांनीच करा.

त्याचं कारण यंत्रापेक्षा माणसाशी जास्त आहे. बाकीच्या पद्धतींत हवा निघाली की नाही हे नळी सांगते. दोन माणसांच्या पद्धतीत ते पायाला कळतं. मऊ पॅडल हळूहळू टणक कसं होत जातं, चांगला ब्रेक किती उंचीवर धरतो, हे त्या तासाभरात पायात बसतं. म्हणून यंदापासून केबिनमध्ये मुलाला बसवलंय. जो गाडी घाटात नेणार, त्याचाच पाय पॅडलवर हवा. उद्या मालशेजच्या वळणावर पॅडल बोटभर जरी जास्त खाली गेलं, तरी नेहमीपेक्षा वेगळं आहे हे त्याला पहिल्याच दाबाला कळेल आणि पुढचा उतार उतरायच्या आधी तो गाडी बाजूला घेईल. मी सोबत नसताना मला त्याच्यासाठी एवढंच करता येतं.

काम झाल्यावर तपासणी. इंजिन बंद ठेवून पॅडल जोरात एक मिनिट दाबून धरा, खाली बसता कामा नये. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा, पॅडल थोडंसं खाली जाईल, तो बूस्टरचा गुण आहे, घाबरू नका. चारही निपल पुसून कोरडी करा, पुन्हा जोरात दाबून ओल येते का बघा. निपलच्या रबरी टोप्या बसवा, नाहीतर चिखल जाऊन पुढच्या वर्षी छिद्र बंद. आधी खळ्यात चालण्याच्या वेगानं, मग रिकाम्या सपाट रस्त्यावर, मग अर्ध्या ओझ्यानं बघा. जुनं ऑइल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलासोबत द्या.

आणि कितीही चांगला ब्रेक असला तरी घाट गिअरवरच उतरायचा. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे, इंजिन बंद करणारे अजून आहेत. इंजिन बंद झालं की बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते, आणि ओझं तर तेवढंच मागं असतं.

दोन बाटल्या ऑइल घालूनही पॅडल मऊच लागत असेल तर हट्ट करू नका. त्या दिवशी घाटाचं नाव काढायचं नाही. माल दुसऱ्याच्या गाडीनं नारायणगावच्या बाजारात टाका. क्रेटमागं भाव थोडा कमी मिळेल, तेवढाच तोटा.